बॉडी बदलायला आलेला फोन

नोकरीत हाताखालून गेलेले बरेचसे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता पंचनामा कुठे केला हे सांगताना मी स्वतःच अडखळतो. ही एक घटना मात्र मनात जशीच्या तशी आहे, आणि ती सांगताना आजही माझा आवाज जरा चढतो, असे घरचे म्हणतात. त्यातल्या कोणाचेही नाव मी देणार नाही. काही जण अजून पुण्यातच राहतात आणि सुखाने राहतात.

मी तेव्हा पुण्यात, नदीपलीकडच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. शहर डोळ्यांदेखत बदलत होते. माळरानावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि तिथे काम करणाऱ्या मुलामुलींना घरून नेण्या-आणण्यासाठी कंत्राटदारांच्या गाड्या अष्टौप्रहर धावत होत्या. या गाड्यांवरचे ड्रायव्हर बहुतेक बाहेरगावचे. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेले, येरवड्याच्या आसपास एका खोलीत संसार मांडलेले. मोबाईल फोनही नुकताच साहेबलोकांच्या कमरेवरून उतरून सगळ्यांच्या खिशात आला होता. त्यामुळे ठाण्यात दोन प्रकारच्या तक्रारी वाढल्या होत्या: गाडी गेली आणि फोन गेला. या केसमध्ये दोन्ही गेले होते, आणि त्यांच्याबरोबर एक माणूसही.

एके दिवशी अशाच एका कंत्राटदाराकडचा सुपरवायझर तक्रार द्यायला आला. वय पस्तिशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणे मोजके. त्याने सांगितले की त्यांच्याकडच्या एका ड्रायव्हरला विमानतळाचे भाडे दिले होते. तो नवीकोरी गाडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. फोन बंद.

"पळाला साहेब," तो म्हणाला. "वऱ्हाडातला आहे. गावाकडे गाडी विकून टाकील."

नोकराने केलेल्या विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला. आरोपी म्हणून ड्रायव्हरचे नाव लागले. वरिष्ठांच्या आदेशाने एक पथक त्याच्या गावीही जाऊन आले. घराची झडती घेतली, म्हाताऱ्या वडिलांना चावडीवर बसवून विचारपूस केली. गाडीही मिळाली नाही आणि माणूसही मिळाला नाही.

सुपरवायझर मात्र नेमाने येत राहिला. दाराशी उभा राहून विचारायचा, "काही कळलं का साहेब?" आणि जाताना न चुकता म्हणायचा, "बाहेरून आलेली माणसं, भरवसा कसा ठेवायचा?" आमच्या ठाण्यात एक जुने हवालदार होते, त्यांना हे वाक्य फारसे आवडत नसे. ते स्वतः सोलापूर रस्त्यावरच्या एका खेड्यातून आलेले होते. एकदा ते तोंडावरच म्हणाले, "अहो, पुण्यात आतला कोण आहे ते एकदा सांगून टाका, म्हणजे आम्ही बाकीच्यांना आत टाकतो."

आणि मग त्या ड्रायव्हरची बायको आली. कडेवर वर्षाची मुलगी, पायात रबरी चप्पल. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर ती उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, माहा नवरा हरवला. तक्रार घ्या."

अंमलदार म्हणाला, "बाई, तुमच्या नवऱ्यावरच तक्रार आहे."

"ते त्याच्यावर हाय जी," ती शांतपणे म्हणाली. "मी त्याच्यासाठी द्याले आली."

मी आत बसलो होतो. हे वाक्य ऐकून बाहेर आलो. आयुष्यात मी खोटे बोलणाऱ्या पुष्कळ बायका-पुरुषांना भेटलो आहे. पळालेल्या माणसाची बायको साधारण दोन गोष्टी करते. एक तर घर सोडून माहेरी जाते, नाहीतर ठाण्यात येऊन आधी रडते. ही रडत नव्हती. तिला फक्त तक्रार लिहून हवी होती. मी तिची मिसिंगची, म्हणजे माणूस बेपत्ता झाल्याची, तक्रार लिहून घ्यायला सांगितली. एकाच ठाण्यात एकच माणूस एका कागदावर फरारी आणि दुसऱ्या कागदावर बेपत्ता झाला. आमचे वरिष्ठ हसले, पण त्यांनी हरकत घेतली नाही. म्हणाले, "दोन्हीपैकी एक कागद खोटा निघणार आहे. कोणता ते तुम्ही शोधा."

दुसऱ्या दिवशी मी आणि हवालदार येरवड्यात तिच्या खोलीवर गेलो. पत्र्याची खोली, पण झाडूनपुसून लख्ख. पळून जाणारा माणूस जाताना काय घेऊन जातो हे पाहायची मला सवय होती. याने काहीच नेले नव्हते. दहावीचे प्रमाणपत्र पेटीत होते, बरा म्हणावा असा एकमेव शर्ट खुंटीला होता, देवाजवळ आईचा फोटो होता. त्या सकाळी तो पाण्याची पिंपे भरून गेला होता आणि मुलीच्या खोकल्याचे औषध येताना आणतो म्हणाला होता.

"फोन कोणता होता त्याच्याकडे?" मी विचारले.

"चांगला होता जी, पण जुना. कोणाचा तरी वापरलेला घेतला होता. पावती नाही, खोका नाही."

हे ऐकून माझी थोडी निराशा झाली. फोनच्या आत एक ओळखक्रमांक असतो आणि तो खोक्यावरही छापलेला असतो. तो मिळाला असता तर कंपनीला कळवता आले असते. त्याच्या मोबाईल नंबरावरून माहिती मागवली होती, पण तेव्हा अशी उत्तरे यायला वेळ लागे, आणि फोन तर बंदच होता.

"काही खूण?"

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "खूण हाय ना. या पोरीनं चावला हाय. दात आले तवा तिले दुसरं काही लागेच ना. त्याचा फोनच पाहिजे. मागच्या बाजूनं, खालच्या कोपऱ्याले, वरचे दोन न खालचे दोन." मग तिने सांगितले की त्या फोनचे आकडे पुसून गेले होते, कडा उडाल्या होत्या. सुपरवायझरने एकदा सगळ्यांसमोर म्हटले होते, 'कंपनीच्या गाडीत बसतोस, निदान फोनची बॉडी तरी बदल.' म्हणून तो कसबा पेठेत एका कारागिराकडे गेला, आणि बॉडी न बदलता तसाच फोन घेऊन परत आला.

"का?"

"मले नाही सांगितलं. नुसता हसला."

तपासात काही वेळा माणूस कामाच्या धाग्यामागे जातो आणि काही वेळा फक्त उत्सुकतेमागे. त्या वेळी मी उत्सुकतेमागे गेलो. हवालदार आणि मी कसबा पेठेत उतरलो. तांब्याच्या भांड्यांची ठोकाठोक ऐकू येत होती अशा एका बोळात तो कारागीर सापडला. माणूस साठीच्या पुढचा. घराणे पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातले. वडील घड्याळे दुरुस्त करत. त्यांचेच भिंग डोळ्याला लावून हा आता फोन दुरुस्त करत होता. अख्खी पेठ त्याला चाचा म्हणे. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर झगमगीत दुकाने फोन विकत. पण फोन उघडायची वेळ आली की तो या बोळात चाचांकडे येई.

मी वर्णन सांगितले. चाचांनी भिंग डोळ्यावरून काढले.

"आठवतो की. नवी बॉडी टाका म्हणून आला. मी उघडायला घेतला तर म्हणतो, 'जुनी बॉडी मला परत द्याल ना?' म्हटलं, 'जुनीचं काय करणार? चौकट करून भिंतीला लावणार का?' तर म्हणाला, 'पोरीचे पहिले दात आहेत त्यावर.' मग जरा विचार केला आणि स्वतःच म्हणाला, 'राहू द्या चाचा, बदलूच नका.' मी काढलेले स्क्रू परत बसवले. चहा पाजून गेला. चांगला माणूस. का, काय झालं?"

"तो माणूस सापडत नाही. फोनही सापडत नाही. हा फोन कोणाच्याही हातून तुमच्याकडे आला तर मला कळवाल?"

चाचांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिले. "साहेब, तो ही बॉडी जन्मात बदलणार नाही. म्हणजे हा फोन बदलायला आला तर आणणारा दुसरा कोणीतरी असणार. असंच ना?"

मी मान हलवली. बोळातून बाहेर पडताना हवालदार म्हणाले, "साहेब, आपल्या फिर्यादीपेक्षा या माणसाची साक्ष वजनदार आहे." मलाही तसेच वाटत होते. ज्याला मुलीच्या दातांचे व्रण टाकवत नाहीत, तो मुलीलाच टाकून कसा पळेल?

पंधरवडा उलटत आला. सुपरवायझर येत होता, बायको येत होती. तो आला की ती बाकावरून उठून त्याला जागा देई, कारण तो नवऱ्याचा साहेब होता. हे पाहणे मला अवघड जाई.

मग एका सकाळी, हजेरी नुकतीच संपलेली असताना, ठाण्यातला फोन वाजला. हवालदारांनी उचलला, ऐकला आणि ताडकन उभे राहिले.

"साहेब, कसब्यात बॉडी आलीय!"

सगळे ठाणे त्यांच्याकडे बघायला लागले. आमच्या धंद्यात बॉडी म्हणजे प्रेत. अंमलदाराने तर पंचनाम्याचे कागद काढले. हवालदार हात हलवत ओरडले, "अहो, तशी नव्हे! बदलायची बॉडी! चाचांचा फोन आहे, दातवाला पेशंट आलाय म्हणतात!"

आम्ही साध्या कपड्यांत बोळात पोचलो. चाचांनी फोन एका स्टीलच्या ताटलीखाली झाकून ठेवला होता. "मी अजून हात लावलेला नाही," ते म्हणाले. रस्त्यावरच्या एका दुकानातून तो त्यांच्याकडे आला होता. पूर्ण बॉडी बदला, गिऱ्हाईक दुपारी न्यायला येणार आहे, असा निरोप होता. मी फोन उलटा करून पाहिला. खालच्या कोपऱ्यावर चार बारीक खळगे होते, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. माझ्या घरी मुले वाढलेली होती. ते व्रण कशाचे आहेत हे मला कोणी सांगायला नको होते.

आता पेच होता. फोन तसाच जप्त केला तर गिऱ्हाईक दुपारी येऊन म्हणेल, 'हा माझा नाहीच.' मी चाचांना म्हटले, "त्याला हवी तशी बॉडी बदलून द्या. फक्त आमच्यासमोर, आणि जुनीचा एक तुकडाही हरवू नका."

बोळातले दोन जण पंच म्हणून बोलावले. चाचांनी पांढरे फडके पसरले आणि काम सुरू केले. मागचे झाकण सरकवून काढले. बॅटरी काढली. तिच्याखालच्या चिठ्ठीवरचा ओळखक्रमांक आम्ही उतरवून घेतला. पुढची कवटी नखाने उचकटली, तेव्हा आकड्यांची रबरी चकती हातात आली. पाच आणि आठ पुरते पुसलेले. मग छोट्या पेचकसाने एकेक स्क्रू सोडवून त्यांनी आतले यंत्र अलगद उचलले. आकड्यांच्या फटीत बिस्किटाचा चुरा साठला होता. एक पंच हळूच म्हणाला, "घरात लहान मूल दिसतंय." मी त्याला गप्प राहायला सांगितले, पण मनातून मला बरे वाटले. यंत्र नव्या निळ्या बॉडीत बसले, स्क्रू आवळले गेले, बॅटरी लावली आणि दिवा पेटला. फोन नवाकोरा दिसू लागला. जुनी बॉडी, झाकण, चकती असे सगळे पाकिटात घालून आम्ही लाखेने सील केले. वर पंचांच्या आणि चाचांच्या सह्या घेतल्या.

नवा फोन रस्त्यावरच्या दुकानात गेला. हवालदार तिथे हेडफोन बघत उभे राहिले, मी काउंटरच्या टोकाला. दुपारी एक तरुण आला, कॉलेजातला वाटावा असा. फोन हातात घेऊन उलटसुलट केला आणि खूश झाला.

"एकदम नवा वाटतोय," तो दुकानदाराला म्हणाला.

मी शेजारी सरकलो. "छान आहे. तुमचाच का?"

"हो, माझाच."

"कुठे घेतलात?"

"घेतला नाही, दाजींनी दिला."

"दाजी काय करतात?"

"गाड्यांच्या कंत्राटदाराकडे सुपरवायझर आहेत," तो अभिमानाने म्हणाला.

हवालदारांच्या हातातला हेडफोन तसाच राहिला. ज्या माणसाने आमच्याकडे फिर्याद दिली होती, जो रोज येऊन 'काही कळलं का' विचारत होता, त्याच्याच मेव्हण्याच्या हातात हा फोन होता. मी त्या मुलाला ओळखपत्र दाखवले आणि सौम्यपणे म्हटले, "फोन इकडे द्या. कोणालाही लावू नका. आपण जरा ठाण्यात बसू." त्याला खरोखरच काही माहीत नव्हते हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते, आणि पुढे तसेच ठरले.

ठाण्यातून मी सुपरवायझरला निरोप दिला: तुमच्या केसमध्ये प्रगती आहे, या. तो लगेच आला. खुर्चीवर पायावर पाय टाकून बसला.

"गाडी मिळाली?"

"फोन मिळाला," मी म्हणालो. नवा निळा फोन पुढे ठेवला. "तुमच्या मेव्हण्याकडे."

क्षणभर त्याचे डोळे हलले, पण माणूस सावरणारा होता. "हो, तो माझाच जुना फोन. वर्षभर वापरला आणि त्याला दिला. त्यात काय?"

"काहीच नाही. बॉडी का बदलायला सांगितली?"

"जुनी झाली होती. बॉडी बदलणं गुन्हा आहे का साहेब?"

"मुळीच नाही," मी म्हणालो. चाचांनी त्यांच्या भंगारातून तसल्याच काही जुन्या बॉड्या दिल्या होत्या. सीलबंद पाकीट पंचांसमोर उघडून मी त्यातली बॉडी त्यांच्यात मिसळली आणि सगळ्या टेबलावर मांडल्या. "वर्षभर वापरलात ना? तुमची उचला."

वर्षभर हाताळलेली वस्तू माणूस डोळे मिटून ओळखतो. तो बराच वेळ बघत राहिला आणि त्यातली सर्वांत चांगली दिसणारी बॉडी त्याने उचलली. मी ती बाजूला ठेवली आणि खरी त्याच्यापुढे सरकवली. "फोन या बॉडीतून निघाला. पंचांच्या सह्या आहेत."

"हां, हीच, हीच. चुकून दुसरी उचलली."

"मग यावरच्या या खुणा कसल्या?"

त्याने कोपरा पाहिला. "उंदरानं कुरतडलंय. घरात उंदीर फार आहेत."

मी बॉड्या पुन्हा मिसळल्या आणि बाहेर बाकावर बसलेल्या बाईला आत बोलावले. तिला कशाचीच कल्पना नव्हती. मी म्हटले, "यातली एखादी ओळखीची वाटते का बघा." ती टेबलाजवळ आली. तिचा हात थेट एका बॉडीवर गेला. तिने ती उचलली, अंगठ्याने कोपरा चाचपला आणि तिचा चेहराच बदलला. ती काही बोलणार एवढ्यात कडेवरच्या मुलीने आईच्या हातातून ती बॉडी हिसकावली आणि नेमका तोच कोपरा तोंडात घातला.

मग एका पंचाने अगदी गंभीरपणे विचारले, "साहेब, हेही लिहायचं का?"

"शब्दन्‌शब्द लिहा," मी म्हणालो, आणि सुपरवायझरकडे वळलो. "हा उंदीर आपल्या ओळखीचा आहे का?"

पायावरचा पाय खाली आला. कडक कॉलर घामाने ओली झाली. लोकांना वाटते, आमच्याकडे माणूस फक्त माराने बोलतो. माझा अनुभव असा की, आपले खोटे सगळ्यांसमोर उघडे पडले हे कळले की माणूस बोलतो. मी बाईला बाहेर पाठवले. त्याने पाणी मागितले आणि मग सगळे सांगितले.

विमानतळाचे भाडे नव्हतेच. त्याने आपल्या ओळखीच्या दोघांना प्रवासी म्हणून गाडीत बसवले. सोलापूर रस्त्याला चहात गुंगीचे औषध घातले, लोणी काळभोरच्या पुढे ड्रायव्हरला उसाच्या कडेला टाकले आणि गाडी परराज्यात विकायला पाठवली. फोन बंद करून याच्याकडे आला. तो नदीत टाकायचा असे ठरले होते, पण चांगल्या कंपनीचा फोन टाकवेना. बॉडी बदलली की फोन बदलला, असे याचे गणित.

"टाकला तेव्हा जिवंत होता?" मी विचारले.

"श्वास चालू होता म्हणाले."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. तिच्यातून जे हाती लागते ते टिकते. म्हणून त्याला जागा दाखवायला न्यायचे होते, आणि मला त्याहून मोठी घाई होती. बाहेर ती उभीच होती. "काय म्हणाला जी?"

तिला खोटा धीर द्यावा असे मला वाटले नाही. "जिवंत सोडला असं म्हणतोय. आम्ही बघायला निघालोय."

ती सरळ जीपमध्ये जाऊन बसली. मी तिला उतरवले नाही.

लोणीच्या पुढे, हमरस्त्याला लागून, त्याने बोट दाखवले. उसाची कड, बांध, पलीकडे पेरूची बाग. तिथे कोणीही नव्हते. बांधावर एक म्हातारी गवत कापत होती. हवालदार त्या भागातले, ते पुढे झाले.

"म्हातारे, इथं मागं कोण माणूस पडलेला गावला का?"

तिने विळा खाली ठेवला. "त्यो व्हय? गावला की. त्वांडाला फेस, डोस्क्याला खोक पडल्याली. आमच्या पोरांनी टॅक्टरातनं दवाखान्यात न्हेला."

हवालदार आणखी पुढे सरकले. "मग?"

"मग काय? हाय की, जित्ता हाय. म्या डबा घिऊन जाते अधनंमधनं. पर त्याला काय बी याद न्हाई. नाव इचारलं तर नुसतं छकुली, छकुली करतुया."

माझ्यामागून ती बाई पुढे आली. मुलीला तिने घट्ट धरले होते. मुलीकडे बोट करून ती एवढेच म्हणाली, "हे छकुली हाय जी."

हमरस्त्यालगतच्या त्या रुग्णालयात आम्ही पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. डॉक्टरांनी 'अनोळखी इसम' म्हणून नियमाप्रमाणे तिथल्या पोलिसांना खबर दिली होती. तो भाग तेव्हा ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत होता आणि त्यांनी बिनतारी संदेशही फिरवला होता. पण शहरातली सगळी यंत्रणा एका पळालेल्या आरोपीला वऱ्हाडात शोधत होती. रुग्णालयात पडलेला अनोळखी माणूस कोणाच्या नजरेत येणार?

तो खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता. डोक्याला पट्टी, दाढी वाढलेली. डॉक्टर म्हणाले होते, ओळख पटेलच असे नाही, अपेक्षा ठेवू नका. बायको जवळ गेली आणि तिने मुलीला त्याच्या मांडीवर ठेवले. तो तिच्याकडे बघत राहिला. मुलीने त्याच्या बोटाला तोंड लावले. मग तो बायकोला म्हणाला, "औषध आणायचं राहून गेलं."

ती हसली, रडली, आणि त्याला एक सणसणीत शिवीही दिली. हवालदार तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होते. मी डॉक्टरांशी उगाचच कागदपत्रांबद्दल बोलत राहिलो.

पुढचे सगळे झपाट्याने झाले. त्याची आठवण हळूहळू परत आली. दोघे साथीदार सापडले, गाडीही सापडली. कंपनीचे उत्तर आले आणि फोनचा ओळखक्रमांक जुळला. खटल्यात बचावाच्या वकिलांनी चाचांना बराच वेळ घोळवले. शेवटी विचारले, "तुम्ही आयुष्यात इतके फोन उघडले, मग नेमका हाच कसा लक्षात राहिला?" चाचा म्हणाले, "वकीलसाहेब, बाकीचे सगळे नवी बॉडी मागायला येतात. जुनी मागणारा हा एकच आला." न्यायाधीशांनी मान खाली घालून हसू दाबले. तिघांनाही शिक्षा झाली.

माझ्या दृष्टीने मात्र केस निकालाच्या आधीच एका वेगळ्या दिवशी पूर्ण झाली. दवाखान्यातून सुटल्यावर ड्रायव्हरला मी ठाण्यात बोलावले, समोरच्या खुर्चीवर बसवले आणि सांगितले की आरोपींमधून तुझे नाव निघाले आहे, तू आता फिर्यादी आहेस. त्याने हात जोडले, पण उठेना.

"साहेब, तुमी कागदावरून काढलं. पण गावात पोलिसाची गाडी आलती. बाप चावडीवर जात नाही तवापासून."

मी वरिष्ठांकडे गेलो. ते त्याच क्षणी हो म्हणाले. हवालदार पूर्ण गणवेशात, सरकारी जीपने, त्या गावी गेले. सोबत ड्रायव्हर, त्याची बायको आणि मुलगी. हवालदारांनी गाव चावडीवर जमवले आणि उभे राहून खणखणीत आवाजात वाचून दाखवले की या गावचा मुलगा निर्दोष आहे, त्याने चोरी केलेली नाही, उलट चोरांनीच त्याला लुटले आहे. परत आल्यावर ते सांगत होते की म्हातारा बाप घरातून निघून, सगळ्यांच्या मधून चालत, चावडीच्या कट्ट्यावर येऊन बसला आणि मोठ्याने म्हणाला, "पोलीस पाव्हण्याले च्या आणा."

या केसने मला तपासाचे कोणते नवे तंत्र शिकवले असे नाही. क्रमांक, पंचनामे, सील हे सगळे पुस्तकात असते. मी शिकलो ते असे की तक्रार देणारा कसा बोलतो यापेक्षा ज्याच्यावर तक्रार आहे तो कसा जगत होता, हे आधी पाहावे. कोणाचे नाव आरोपी म्हणून लिहायचे झाले की त्यानंतर मी शक्यतो त्याच्या घरी स्वतः जाऊन येत असे. पाण्याची पिंपे भरलेली आहेत का, खुंटीवर शर्ट आहे का, लेकराचे औषध कोण आणणार होते, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. प्रशिक्षणाला आलेल्या नव्या उपनिरीक्षकांना मी हेच सांगत आलो. चोराच्या हातात बेड्या घालण्याचा आनंद मी अनेकदा घेतला. पण एका भल्या माणसाचे नाव, ज्या वर्दीमुळे ते गेले होते त्याच वर्दीतून, भर चावडीवर परत पोचवण्याचा आनंद एकदाच मिळाला. एवढ्या नोकरीतून एकच दिवस निवडायला सांगितला, तर मी तोच निवडीन.